शेजारच्या पर्जन्यमापकाची साक्ष



आपण आज मल्लेश्वरममध्ये जमलो आहोत. इथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे, आणि ते इनाम देणारे एकोजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी. बंगळुरूच्या मराठी माणसाला हा धागा ठाऊक असतो. याच परिसरातून निघणारा पाण्याचा धागा मात्र आपल्या नजरेआड झाला आहे. वृषभावतीचा एक प्रवाह इथेच उगम पावतो. वृषभावती अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. शहराच्या पूर्व उतारावरचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. हे शहर पाणलोटाच्या माथ्यावर वसले आहे. म्हणून इथे शतकानुशतके पाणी अडवण्याची चिंता होती; जवळचा सँकी तलावही १८८२ साली पाणीपुरवठ्यासाठीच बांधला गेला. माथ्यावर राहणाऱ्याला पूर ही खालच्या वस्तीची अडचण वाटते. पण पाऊस एका जागी पडतो आणि पूर दुसऱ्या जागी येतो, या साध्या गोष्टीतच आजच्या विषयाचे मूळ आहे. माझे म्हणणे असे की, अतिवृष्टीचा आणि पुराचा धोका प्रदेशाचा असतो, म्हणून त्याचा पुरावाही प्रदेशाचाच घ्यावा लागतो. एका पर्जन्यमापकाच्या, एका शहराच्या किंवा एका राज्याच्या नोंदी त्याला पुरत नाहीत. आणि तो पुरावा जेवढे सांगतो तेवढेच, त्यातल्या अनिश्चिततेसह, लोकांसमोर ठेवले पाहिजे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते, आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटी घालून करू देतात. या शब्दांनी मोठा गैरसमज पसरला आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटले की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असे लोक धरून चालतात. खरा अर्थ एवढाच की तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे, आणि यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. घरकर्जाची मुदत तीस वर्षांची धरा. लाल रेषेवरच्या घराच्या उंबऱ्याला त्या मुदतीत पाणी लागण्याची शक्यता २६ टक्के येते. निळ्या रेषेवरच्या घराची ती ७० टक्क्यांच्या वर जाते. नाणे उडवण्यापेक्षाही वाईट असा हा सौदा आहे, आणि तो बहुतेकांनी न कळता केलेला असतो. आता हाच हिशेब मोजणाऱ्याच्या बाजूने करू. समजा, एखाद्या गावात पावसाची पन्नास वर्षांची नोंद आहे. शंभरात एक शक्यतेची अतिवृष्टी त्या पन्नास वर्षांत एकदाही झालेली नसण्याची शक्यता ६० टक्के आहे. म्हणजे पन्नास वर्षांच्या पाच वह्या उघडल्या, तर त्यांतल्या तीन वह्यांत ज्या घटनेचा धोका मोजायचा तिचा मागमूसही नसेल. वही खोटे बोलत नाही. तिची स्मृतीच तेवढी नसते.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी नेमके हेच दिसले. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात फक्त ७३ मिलिमीटर पडला. कुलाब्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत, देशातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी. तिथला २४ तासांचा उच्चांक ५ जुलै १९७४ चा, ५७५.६ मिलिमीटरचा. म्हणजे मुंबईच्या सर्वांत दीर्घ स्मृतीच्या पर्जन्यमापकाने मुंबईचा सर्वांत भयंकर दिवस पावसाळ्यातल्या एका साधारण दिवसासारखा लिहून ठेवला. ‘असे काही घडू शकेल याची कल्पनाच नव्हती,’ असे तेव्हा अनेकांनी म्हटले, आणि एकट्या सांताक्रूझची किंवा एकट्या कुलाब्याची वही पाहणाऱ्याला ते खरेच वाटले असणार. पण मुंबईच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, याच किनारपट्टीलगत आणि याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, गुजरातेतले धरमपूर आहे. तिथे २ जुलै १९४१ रोजी एका दिवसात ९८७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ही नोंद कुठे दडलेली नव्हती. भारतातल्या अतिवृष्टीच्या याद्यांत हवामानशास्त्रज्ञांनी ती वारंवार छापली होती. ‘मुंबईत कधी एवढा पाऊस पडला आहे का?’ असे विचारले, तर २००५ पूर्वीचे उत्तर ‘नाही’ येते. ‘या किनाऱ्यावर, अशाच वाऱ्यांत आणि अशाच डोंगरांच्या आडोशाला एवढा पाऊस पडू शकतो का?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर ६४ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

शेजारची साक्ष घ्यायची, हे ठीक. पण ती कशी घ्यायची याला शिस्त आहे, आणि ती शिस्त संख्याशास्त्राने घालून दिली आहे. दरवर्षीचा सर्वांत मोठा एक दिवस तेवढा निवडत गेले, तर त्या उच्चांकांचे वाटप मोजक्या आकारांतच बसते, हे फिशर आणि टिपेट यांनी १९२८ साली दाखवले, ग्नेडेन्को यांनी १९४३ साली ते सिद्ध केले आणि गुंबेल यांनी १९५८ च्या ग्रंथात पूर-पावसाच्या कामासाठी ते रुजवले. या वाटपाच्या टोकाला जी शेपटी असते, तिच्यात सगळा धोका असतो. शेपटी लवकर निमुळती होत असेल, तर शंभर वर्षांचा पाऊस दहा वर्षांच्या पावसापेक्षा थोडाच मोठा असतो. ती जाड असेल, तर तो कितीतरी मोठा निघतो. अडचण अशी की शेपटीचा आकार ठरतो अगदी थोड्या, दुर्मीळ घटनांवर, आणि एका गावाच्या वहीत त्याच नसतात. सरासरी मात्र त्या गावाच्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदींतूनही बरी कळते. यातूनच प्रादेशिक पद्धतीचा विचार पुढे आला. डॅलरिंपल यांनी १९६० साली तो अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेसाठी मांडला. हॉस्किंग आणि वॉलिस यांनी १९९७ च्या ग्रंथात त्याला काटेकोर रूप दिले. प्रत्येक ठिकाणच्या वार्षिक उच्चांकांना त्याच ठिकाणच्या सरासरीने भागायचे, म्हणजे कमी-अधिक पावसाची गावे एका मापावर येतात. त्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून शेपटीचा आकार काढायचा. आणि शेवटी त्याला पुन्हा स्थानिक सरासरीने गुणायचे. सरासरी आपल्या गावाची, शेपटी प्रदेशाची. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने लहान आणि मध्यम पाणलोटांच्या संकल्पित पुरासाठी देशाचे २६ जल-हवामान उपविभाग केले, त्यामागेही हाच विचार आहे. ज्या ओढ्यावर कधी कुणी विसर्ग मोजलाच नाही, त्यावरचा पूलही त्यामुळे काहीएक आधाराने बांधता येतो. इथून जवळच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. व्ही. श्रीनिवास यांनी पाणलोटांचे असे गट कसे पाडावेत याचा दीर्घ अभ्यास केला आहे, ए. रामचंद्र राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरचा ग्रंथ २००८ सालचा आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो रास्त आहे: शेजारी सारखे असतात कशावरून? महाबळेश्वरहून पाचगणी वीस किलोमीटरही नाही, पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात वर्षभरात ५०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. मग कुणाची साक्ष कुणासाठी काढायची? याचे पहिले उत्तर असे की स्थानिक सरासरीने भागल्यावर या फरकातला मोठा भाग निघून जातो. राहिलेल्या भागाची कसोटी घ्यावी लागते, आणि जी ठिकाणे कसोटीला उतरत नाहीत त्यांना गटाबाहेर ठेवावे लागते. शेजार नकाशावरच्या अंतरावर ठरत नाही. पाऊस कोणत्या कारणाने पडतो, त्यावर ठरतो. चेन्नई बंगळुरूपासून फार दूर नाही, पण डिसेंबर २०१५ मध्ये तांबरममध्ये एका दिवसात पडलेले ४९० मिलिमीटर ईशान्य मोसमी वाऱ्यांनी बंगालच्या उपसागरावरून थेट किनाऱ्यावर आणलेले होते. ती शेपटी जशीच्या तशी बंगळुरूला जोडणे चूक ठरेल. बंगळुरूचे शेजारी पठारावर शोधावे लागतील, तुमकुरू, कोलार, म्हैसूर या बाजूंना. दुसरी दक्षता नोंदींच्या गुंतागुंतीची आहे. पन्नास वर्षांच्या वीस वह्या एकत्र केल्या म्हणजे हजार वर्षांचा अनुभव हाती आला, असे होत नाही. एकच पावसाळी प्रणाली एकाच दिवशी दहा पर्जन्यमापक भरते. ती दहा साक्षीदारांची एकच साक्ष असते. असे अवलंबित्व वजा केले की हजार वर्षांची काही शतकेच उरतात. पण एका वहीतल्या पन्नास वर्षांपेक्षा ती पुष्कळ जास्त असतात. प्रदेश एकजिनसी नसतो, या आक्षेपाने प्रदेशाच्या सीमा विचारपूर्वक आखण्याची जबाबदारी आपल्यावर येते. गावच्या वहीकडे परतण्याचे कारण त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. हवामानच बदलले असेल, तर १९४१ च्या नोंदीला विचारायचे कशाला? हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली, मध्य भारतात १९५१ ते २००० या काळात अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे दाखवले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली, १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारतात विस्तृत पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी तिप्पट झाल्याचे मांडले. याच्या शेजारी २०१२ सालचा आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांचा निष्कर्षही ठेवला पाहिजे: देशभरात अतिवृष्टीचा कल एकसारखा नाही, मात्र ठिकाणाठिकाणांतला फरक वाढतो आहे. या निष्कर्षांत विरोध नाही. मोठ्या प्रदेशाची बेरीज केली की वाढ स्पष्ट दिसते, आणि एकेका ठिकाणाकडे पाहिले की ती गोंगाटात हरवते. बदल ओळखण्यासाठीही प्रदेशाचीच गरज आहे, हे यातून दिसते. एका गावाच्या नोंदीत कल सापडेपर्यंत वाट पाहायची ठरवली, तर दोन पिढ्या जातील. तेव्हा जुन्या नोंदी टाकून देऊ नयेत. त्यांतून शेपटीचा पाया घ्यावा, बदलाचा वेग प्रादेशिक नोंदींतून घ्यावा, आणि हा हिशेब ठरावीक वर्षांनी पुन्हा करावा. एकदा आखलेली पूररेषा कायमची मानणे हीच चूक आहे.

तिसरा आक्षेप बंगळुरूकर हमखास घेतील: आमचा पूर पावसाने येत नाही, माणसाने आणलेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर आणि बाह्य वळण रस्त्याचा परिसर पाण्याखाली गेला, त्या ५ सप्टेंबरला शहराच्या वेधशाळेत १३१.६ मिलिमीटर नोंद झाली. याच वेधशाळेत १२ सप्टेंबर १९८८ रोजी १७७.६ आणि १ ऑक्टोबर १९९७ रोजी १७८.९ मिलिमीटर पाऊस पडलेला होता. म्हणजे पाऊस जुन्या उच्चांकापेक्षा बराच कमी, आणि हानी कितीतरी अधिक. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण, आणि तलावांना जोडणारे राजकालुवे अरुंद झाले किंवा बुजले. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. पावसाचा धोका आणि पुराचा धोका या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीत जमिनीचा वाटा मोठा आहे. पण त्यामुळे पावसाचा हिशेब अनावश्यक ठरत नाही. राजकालुवे किती रुंद राखायचा, हे कशावरून ठरवणार? शहरी नाल्याला चोवीस तासांचा आकडा पुरत नाही. त्याला तासाचा, पंधरा मिनिटांचा आकडा लागतो. जुन्या वह्यांत सकाळी साडेआठ ते साडेआठ एवढीच नोंद असते, म्हणून दिवसाच्या पावसावरून तासाचा पाऊस काढायला एक ठोकताळा रूढ झाला, आणि त्यानुसार दिवसाच्या सुमारे ३५ टक्के पाऊस एका तासात धरतात. सांताक्रूझला हे गणित ९४४ चे ३२७ मिलिमीटर देते, तर प्रत्यक्षात सर्वाधिक तासाला सुमारे १९० मिलिमीटर पडला. बंगळुरूच्या संध्याकाळच्या वादळी पावसात नेमके उलटे होते. दिवसाचा बहुतेक पाऊस दोन-तीन तासांत कोसळून जातो. एकच ठोकताळा देशभर लावला की एका जागी अतिरेक होतो आणि दुसऱ्या जागी नाला तोकडा पडतो. अतिक्रमण हटवण्याचा लढाही याच हिशेबावर उभा राहतो, कारण नाल्याची आवश्यक रुंदी सिद्ध करता आली नाही, तर अतिक्रमण म्हणजे काय हेच सिद्ध होत नाही. पुराव्याने मत कसे बदलते याचे जुने उदाहरण प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे आहे. १९२२ च्या उत्तर बंगालमधल्या पुरानंतर पाणी अडवणारे खर्चिक जलाशय बांधावेत, असा प्रस्ताव होता. त्यांनी त्या प्रदेशाच्या सुमारे पन्नास वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की पाणी अडवून उपयोग नाही. त्याचा निचरा वेगाने व्हायला हवा. पाऊस आणि जमीन या दोहोंचा हिशेब एकत्र मांडला, म्हणूनच हे निष्पन्न झाले.

चौथा आक्षेप प्रशासनाचा असतो: लोकांना शक्यता आणि अनिश्चितता कळत नाही, त्यांना एकच आकडा द्या. याला जोडून विचारतात की ९४४ मिलिमीटरसाठी गटारे बांधायची का? गटारे अर्थातच तेवढ्यासाठी बांधायची नाहीत. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ५० वर नेण्याची शिफारस केली. नाले नेहमीच्या पावसासाठी असतात. दुर्मीळ अतिवृष्टीसाठी वेगळी तयारी लागते. पाणी पसरायला मोकळी जागा, रुग्णालयातले जनित्र तळघरातून वर, वीज उपकेंद्राचा जोता उंच, आणि वस्ती रिकामी करण्याची आखलेली वाट. कशासाठी काय करायचे हे ठरवायलाच शेपटीचा आकार कळावा लागतो. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या १ फेब्रुवारीला समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर गणितज्ञ डेव्हिड फान डँट्सिख यांनी बांधाची उंची, तिचा खर्च आणि बांध फुटल्यास होणारी हानी यांचा हिशेब एकत्र मांडला, आणि देशाच्या सर्वांत दाट वस्तीच्या भागासाठी दहा हजारात एक एवढ्या शक्यतेचे मानक स्वीकारले गेले. तिथे समाजाने धोका उघड्यावर चर्चा करून ठरवला. आपल्याकडे नकाशावर निळी पूररेषा म्हणजे एकच बारीक रेघ असते. तिच्या एका बाजूची जमीन बांधकामाची आणि दुसऱ्या बाजूची बिनकामाची होते. मोजणीच्या अनिश्चिततेइतकी रुंद पट्टी आखली, तर पट्टीतल्या माणसाला निदान आपण कुठे उभे आहोत ते कळेल. लोकांना शक्यता कळत नाही, हेही मला मान्य नाही. आर्द्रात पेरायचे की थांबायचे, विम्याचा हप्ता भरायचा की नाही, हे निर्णय शेतकरी पिढ्यानपिढ्या शक्यतेवरच घेत आला आहे. जो आकडा कधी सांगितलाच नाही, तो कळत नाही म्हणणे अन्यायाचे आहे.

आता हा सगळा विचार कृष्णेच्या खोऱ्यात ठेवून पाहू, कारण महाराष्ट्र आणि कर्नाटक तिथे एकाच पाण्यात उभे आहेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५५ फुटांच्या वर चढले. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये तिथे ५७ फूट ओलांडले गेले. हेच पाणी नृसिंहवाडीच्या संगमावरून पुढे चिक्कोडी तालुक्यातल्या यडूर-कल्लोळ भागात शिरले, आणि बेळगाव जिल्ह्याचे तेवढेच हाल झाले. समजा, अशी पातळी शंभरात एक शक्यतेची होती. मग ती तीन वर्षांत दोनदा गाठली जाण्याची शक्यता दहा हजारांत तीन येते. पंचविसात एक धरली, तरी ती हजारात पाचच्या आत राहते. एवढा दुर्मीळ योग जुळून आला असे मानण्यापेक्षा, आपला जुना अंदाज कमी होता असे मानणे जास्त शहाणपणाचे आहे. इथे एक सावधगिरी हवी. देशात एकमेकांशी संबंध नसलेली शंभर खोरी धरली, तर त्यांतल्या कुठल्या तरी एकात दरवर्षी शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता ६३ टक्के आहे, त्यामुळे वर्तमानपत्रात दरवर्षी असा पूर दिसणे स्वाभाविक आहे. पण एकाच खोऱ्यात तो लागोपाठ येणे हा वेगळाच पुरावा आहे. अलमट्टी धरणाच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांत वाद आहे, पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आहे, आणि तो वाद इथे सोडवण्याचा माझा हेतू नाही. पण वादातल्या दोन्ही बाजू ज्या पावसाविषयी बोलतात, तो राजापूर बंधाऱ्याशी थांबून सीमा ओलांडायची परवानगी मागत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. दोन राज्यांची ही दोन जाळी एका खोऱ्याचे एक जाळे म्हणून वापरली, आणि नदीकाठच्या घाटांवरच्या, देवळांच्या पायऱ्यांवरच्या जुन्या पूरखुणा त्यांत मिळवल्या, तर कृष्णेच्या शेपटीविषयी आजच्यापेक्षा पुष्कळ खात्रीने बोलता येईल. नृसिंहवाडीला नदीचे पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा कोणत्या वर्षी कितीदा झाला, हीसुद्धा एका निश्चित पातळीची नोंद आहे. श्रद्धेने जपलेल्या त्या आठवणीचा उपयोग संख्याशास्त्र आदराने करू शकते.

म्हणून माझी मागणी थोडक्यात अशी. पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदी खोरेनिहाय एकत्र कराव्यात आणि कुणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. प्रत्येक पूररेषेसोबत तिची अनिश्चितता आणि ती कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर आधारली आहे हे छापावे. मोठा पाऊस झाला की, आणि झाला नाही तरी दर दहा वर्षांनी, हिशेब नव्याने करावा. आणि घर घेणाऱ्या माणसाला त्याच्या तीस वर्षांतली शक्यता साध्या मराठीत, साध्या कन्नडमध्ये कागदावर द्यावी. यांत फार मोठा खर्च नाही. स्वतःच्या वहीबाहेर पाहण्याची तयारी मात्र लागते.

शेवटी एकच. २ जुलै १९४१ नंतरच्या त्या सकाळी धरमपुरात कुणीतरी पर्जन्यमापक पुन्हापुन्हा रिकामा करून पाणी मोजले असेल, आणि अविश्वसनीय वाटणारा तो आकडा खाडाखोड न करता लिहिला असेल. त्या माणसाने आपले काम चोख केले. आपल्या गावासाठी केलेली ती नोंद १६० किलोमीटरवरच्या एका महानगरासाठीची साक्षही होती. ती ६४ वर्षे उपलब्ध होती, आणि ती विचारायची राहून गेली. आज दोन्ही राज्यांत हजारो पर्जन्यमापक दर काही मिनिटांनी अशीच साक्ष लिहीत आहेत. पुढच्या पुराआधी ती एकत्र वाचणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.